की-बोर्डवरील जवळच्या वाटा

यवतमाळ असो, पुसद, वणी, दारव्हा वा उमरखेड असो, तालुक्याच्या गावातील टंकलेखन संस्थेवरून जाताना एकेकाळी यंत्रांचा अखंड खडखडाट कानी पडत असे. दहावी-बारावी झालेली मुले-मुली शेजारच्या कागदावर नजर खिळवून बोटे चालवीत असत. नजर कळफलकाकडे वळली की शिक्षक हटकत. राज्य शासनाच्या सेवेत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र आवश्यक. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातील मुलासाठी ती खोली नोकरीचे पहिले दार होती. पुढे यंत्रे अडगळीत गेली आणि संगणक टंकलेखनाची परीक्षा आली. मात्र त्या खोलीत शिकवले जाणारे मूळ सूत्र आजही जुने झालेले नाही. अक्षर कुठे आहे, हे डोळ्यांनी शोधायचे नाही. ते बोटांना ठाऊक असले पाहिजे.

याच जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि यवतमाळला १९९६ पासून जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. पुणे, बंगळूर, हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थी अशा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून प्रोग्रॅम लिहायला शिकतात. त्यांचे तर्कशास्त्र चांगले असते, गणितही पक्के असते. तरीही अनेकांचा एक हात सतत माऊसकडे धावत असतो. एक ओळ खाली सरकवायची तर ती माऊसने रंगवायची, मेनू उघडून कापायची, नव्या जागी टिचकी मारायची आणि पुन्हा मेनू उघडून चिकटवायची. हेच काम एका हाताच्या दोन बोटांनी क्षणार्धात होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंगच्या भाषा असतात; ज्या साधनात ती भाषा लिहायची, ते साधन वापरण्याचा तास मात्र नसतो.

हिशेब सेकंदांचा

की-बोर्डच्या या जवळच्या वाटांनी नेमका किती वेळ वाचतो? याचा शास्त्रीय हिशेब फार पूर्वीच मांडला गेला आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अॅलन न्यूएल या तीन संशोधकांनी १९८० मध्ये एक प्रारूप प्रसिद्ध केले. संगणकावरील कोणत्याही कामाचे त्यांनी बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला लागणारा सरासरी वेळ निश्चित केला. सराईत हाताला एक कळ दाबण्यास ०.२ सेकंद, हात की-बोर्डवरून माऊसवर नेण्यास ०.४ सेकंद, पडद्यावरील ठरावीक जागी बाण नेण्यास सुमारे १.१ सेकंद आणि पुढे काय करायचे याची मनाशी जुळवाजुळव करण्यास १.३५ सेकंद, असे त्यांचे आकडे आहेत.

आता फाइल साठवण्याचे साधे काम घ्या. माऊसने करायचे तर हात माऊसवर नेणे, बाण मेनूवर नेणे, टिचकी, बाण ‘सेव्ह’वर नेणे, पुन्हा टिचकी आणि हात परत की-बोर्डवर आणणे, एवढे टप्पे पडतात. बेरीज होते ३.४ सेकंद. ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या दोन कळा दाबण्यास ०.४ सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक वेळी तीन सेकंदांची बचत. दिवसभरात अशी दोनशे कामे धरली, तर वाचतात दहा मिनिटे.

दहा मिनिटे हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढ्यासाठी खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. प्रोग्रॅमरचा बहुतांश वेळ लिहिण्यात नव्हे, तर वाचण्यात आणि विचार करण्यात जातो. केवळ घड्याळाकडे पाहिले तर शॉर्टकटची थोरवी फार मोठी ठरत नाही. खरा लाभ अन्यत्र आहे. प्रोग्रॅम लिहिताना चार-पाच गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात. ही संख्या कुठून आली, ती कुठे बदलते, अट खोटी ठरली तर काय होईल, अशी ती साखळी असते. हात माऊसकडे गेला, डोळे मेनूतील नावे चाळू लागले की ती साखळी सुटण्याचा धोका असतो. वाचलेल्या तीन सेकंदांपेक्षा न तुटलेला विचार अधिक मोलाचा आहे.

प्रयोगशाळेचा तास साधारणतः दोन तासांचा असतो. घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला तेवढेच दोन तास मिळतात. त्यातला काही वेळ संगणक सुरू होण्यात, काही वीज जाण्या-येण्यात खर्ची पडतो. उरलेल्या वेळात चूक सापडली तर प्रयोग पूर्ण होतो, नाही तर पुढच्या आठवड्यावर जातो. स्वतःचा नवा लॅपटॉप असलेल्या मुलाला शॉर्टकट ही सोय असेल. ज्याचा वेळ मोजून मिळालेला आहे, त्याच्यासाठी ती गरज आहे.

माऊसच्या बाजूनेही बोलले पाहिजे

या विषयाला दुसरी बाजूही आहे. ‘अॅपल’ कंपनीत संगणकाच्या पडद्याची रचना आखणारे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये असे मांडले होते, की की-बोर्ड वेगवान आहे असे वापरणाऱ्यांना वाटते, पण घड्याळ लावून पाहिले तर माऊसच पुढे असतो. त्यांचे स्पष्टीकरण मोठे मार्मिक होते. कोणती कळ दाबायची हे आठवण्यात दोन सेकंद जातात. मात्र मन त्या वेळी गुंतलेले असल्याने तो काळ गेल्याचे जाणवत नाही. उलट माऊस फिरवताना मन रिकामे असते, म्हणून तो वेळ लांबलेला भासतो.

याउलट अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ नियमित वापरणाऱ्या २५१ अनुभवी व्यक्तींकडून त्यांनी माहिती घेतली. की-बोर्डची पद्धत अधिक कार्यक्षम असूनही बहुतेक जण वर्षानुवर्षे चित्रांच्या पट्टीवर टिचक्या मारण्यातच समाधान मानतात, असे त्यांना आढळले. अनुभव वाढला की माणूस आपोआप जवळची वाट शोधतो, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतून निघणारा धडा एकच आहे. आठवून दाबावा लागणारा शॉर्टकट लाभाचा नाही. न आठवता दाबला जाणारा शॉर्टकटच खरा. टंकलेखन संस्थेत पहिल्या महिन्यात एकच ओळ पानेच्या पाने का गिरवून घेत, याचे उत्तर इथे मिळते. तिथे शब्द शिकवले जात नव्हते. आठवण्याचा वेळ शून्यावर आणला जात होता.

निळ्या पडद्यापासून आजपर्यंत

विदर्भातील अभियंत्यांच्या एका अख्ख्या पिढीला हा विषय अपरिचित नाही. बोरलँड कंपनीचे ‘टर्बो सी’ १९८७ मध्ये आले आणि त्याचा निळा पडदा राज्यातील प्रयोगशाळांत पुढे दीर्घकाळ टिकून राहिला. तिथे ‘एफ २’ने फाइल साठवायची, ‘कंट्रोल + एफ ९’ने प्रोग्रॅम चालवायचा आणि ‘ऑल्ट + एफ ५’ने निकालाचा पडदा पाहायचा, हा क्रम त्या पिढीच्या बोटांत आजही आहे. माऊसची आठवणही तिथे होत नसे.

त्याहून जुना वारसा ‘व्हीआय’ या संपादकाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील बिल जॉय यांनी तो १९७६ मध्ये लिहिला. ते वापरत असलेल्या ‘एडीएम-३ए’ या टर्मिनलवर बाणांच्या स्वतंत्र कळाच नव्हत्या. बाणांची चिन्हे एच, जे, के आणि एल या अक्षरांवर छापलेली होती. म्हणून आजही त्या संपादकात याच अक्षरांनी डावी-उजवीकडे, खाली-वर जाता येते. दूरच्या संगणकाशी जोडणारी लाइन त्या काळी अतिशय संथ होती. त्यामुळे आज्ञा एकेका अक्षराच्या ठेवल्या गेल्या. त्यांना स्वतःचे व्याकरणही आहे. ‘डी’ हे पुसण्याचे क्रियापद, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द हे त्याचे कर्म. ‘डी-डब्ल्यू’ म्हटले की एक शब्द जातो, ‘डी-डी’ म्हटले की अख्खी ओळ. नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये याचीच सुधारित आवृत्ती ‘विम’ या नावाने जगापुढे आणली आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते तिची देखभाल करीत राहिले. जिथे जोडणी रडतखडत चालते आणि काम दूरच्या सर्व्हरवर करायचे असते, तिथे चित्रांचे भारी सॉफ्टवेअर अडखळते, पण हा हलका संपादक धावतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या अडचणीतून निघालेला उपाय आजच्या खेड्यातील अडचणीलाही लागू पडतो.

कापा-चिकटवाची रीतही याच काळातली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकात ती घडवली. एक्स, सी, व्ही आणि झेड या कळा शेजारी-शेजारी आहेत, म्हणून डाव्या हाताला त्या चटकन सापडतात. त्यांना हे स्थान ‘अॅपल’च्या १९८३ मधील ‘लिसा’ या संगणकाने मिळवून दिले.

कामाच्या मोजक्या कळा

सध्या विद्यार्थ्यांत सर्वाधिक परिचित असलेला संपादक म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सादर केलेला, विनामूल्य मिळणारा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’. त्याच्या विंडोज आवृत्तीत शेकडो शॉर्टकट आहेत. सर्व पाठ करण्याची आवश्यकता नाही. दहा-बारा कळांत रोजचे बहुतेक काम भागते.

पहिला गट ओळी हाताळण्याचा. ‘ऑल्ट’ धरून वरचा वा खालचा बाण दाबला की कर्सर असलेली ओळ वर-खाली सरकते. त्यासोबत ‘शिफ्ट’ धरले की ओळीची प्रत तयार होते. ‘कंट्रोल + शिफ्ट + के’ने ओळ पुसली जाते. ‘कंट्रोल’ व तिरपी रेघ दाबली की ओळ टिपण म्हणून बाजूला ठेवली जाते आणि पुन्हा दाबली की कामात येते. नेमकी चूक कोणत्या ओळीत आहे हे शोधताना याचा फार उपयोग होतो.

दुसरा गट फिरण्याचा. ‘कंट्रोल + पी’ दाबून नावाची दोन-तीन अक्षरे लिहिली की हवी ती फाइल उघडते. ‘कंट्रोल + जी’ने ठरावीक क्रमांकाच्या ओळीवर जाता येते. एखादे फंक्शन मुळात कुठे लिहिले आहे हे ‘एफ १२’ दाखवते आणि ‘ऑल्ट’ व डावा बाण पूर्वीच्या जागी परत आणतो. ‘एफ ८’ पुढच्या चुकीकडे नेतो. पडद्यावर चुकांची लाल यादी पाहून गांगरणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याने ही कळ सर्वांत आधी शिकावी.

तिसरा गट बदल करण्याचा, आणि इथे शॉर्टकट केवळ वेळ वाचवीत नाही, चूकही टाळतो. समजा, बाजार समितीतील कापसाच्या खरेदीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम आहे. त्यात प्रतिक्विंटल दरासाठी ‘रेट’ हे नाव वापरले आहे. पुढे वाहतुकीचा दरही आला, म्हणून पहिल्याचे नाव ‘कॉटनरेट’ करायचे ठरले. विद्यार्थी ‘शोधा आणि बदला’ वापरतो, सर्व ठिकाणी बदला म्हणतो आणि प्रोग्रॅम कोलमडतो. कारण इंग्रजी स्पेलिंगमधील तीच चार अक्षरे ‘सेपरेट’ आणि ‘जनरेट’ या शब्दांच्या पोटातही दडलेली असतात. तीही बदलली जातात. नावावर कर्सर ठेवून ‘एफ २’ दाबले, तर संपादक अक्षरे नव्हे, अर्थ पाहतो. त्याच नावाचा खरा वापर जिथे आहे तिथेच बदल होतो. दुसऱ्या फंक्शनमधील स्वतंत्र ‘रेट’ला धक्का लागत नाही. मात्र त्यासाठी आपल्या भाषेचे पूरक सॉफ्टवेअर संपादकात बसवलेले असावे लागते.

मोजक्याच जागी बदल करायचा असेल तर ‘कंट्रोल + डी’ उपयोगी. शब्दावर कर्सर ठेवून ती एकदा दाबली की शब्द निवडला जातो. प्रत्येक पुढच्या दाबेसरशी त्याच शब्दाची पुढची जागा निवडली जाते आणि मग एकदाच लिहिलेले सर्व जागी उमटते. आणि काहीच आठवले नाही, तर ‘कंट्रोल + शिफ्ट + पी’ लक्षात ठेवावे. त्याने उघडणाऱ्या चौकटीत कामाचे नाव लिहिले की ते काम सापडते, शिवाय त्याच्यासमोर त्याचा शॉर्टकटही लिहिलेला असतो. शिकवणी जणू तिथेच चालू असते.

सावधगिरीचे चार शब्द

प्रत्येक संपादकाची बोली निराळी असते. ज्या ‘कंट्रोल + डी’ने इथे शब्द निवडला जातो, तीच जोडी ‘नोटपॅड प्लस प्लस’मध्ये ओळीची प्रत करते आणि ‘एक्लिप्स’मध्ये ओळ चक्क पुसून टाकते. ‘टर्बो सी’ची सवय असलेला माणूस साठवण्यासाठी ‘एफ २’ दाबतो आणि समोर नाव बदलण्याची चौकट उभी राहते. म्हणून शिकताना एकच संपादक धरावा. ‘कंट्रोल + के’ व लगेच ‘कंट्रोल + एस’ दाबले की शॉर्टकटची पूर्ण यादी उघडते आणि तिथे कळा आपल्या सवयीप्रमाणे बदलताही येतात. अनेक लॅपटॉपवर ‘एफ’च्या कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी राखलेल्या असतात, तिथे ‘एफएन’ची कळ सोबत धरावी लागते. मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवनागरी कळफलक चालू राहिला तर ‘विम’च्या एकाक्षरी आज्ञा चालत नाहीत, आणि नवखा विद्यार्थी यंत्रच बिघडले असे समजतो.

शरीराचाही विचार हवा. ‘कंट्रोल’ची कळ सतत डाव्या करंगळीने दाबल्यास करंगळी व मनगट दुखू लागते. की-बोर्डच्या दोन्ही बाजूंना ती कळ असेल तर उजवीकडचीही वापरावी आणि मनगट मुडपून ठेवू नये. दुखऱ्या हाताने मिळवलेला वेग फार दिवस टिकत नाही.

शिकण्याची रीत टंकलेखन संस्थेचीच असावी. एका आठवड्यात तीनच कळा घ्याव्यात, त्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवाव्यात आणि त्या कामांपुरता माऊस वर्ज्य मानावा. पहिले दोन-तीन दिवस वेग घटतो, चिडचिड होते. तिथेच बहुतेक जण माघार घेतात. आठवड्याअखेर कागद काढून टाकावा. बोटे चुकली नाहीत तर पुढच्या तीन कळा घ्याव्यात. या गतीने एका सत्रातच सर्व आवश्यक कळा हातात बसतात.

काहींपुढे दुसरी वाटच नाही

अंध प्रोग्रॅमरसाठी तर हा विषय वेगाचा नाहीच. पडद्यावरील बाण दिसत नसेल तर माऊसचा उपयोग शून्य. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर लिहिण्यास प्रारंभ केला. ते विनामूल्य मिळते. पडद्यावरचा मजकूर ते बोलून दाखवते आणि उत्तर द्यायचे ते केवळ की-बोर्डने. डोळस विद्यार्थ्याला जी जवळची वाट वाटते, ती अंध विद्यार्थ्याची एकमेव वाट असते. महाविद्यालयाने शॉर्टकटचा एक तास ठेवला तर त्याचा लाभ सर्वांना होईल, पण सर्वाधिक त्याला होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतः कोड सुचवण्यास आरंभ केल्यापासून या कौशल्याची गरज उरली नाही, असेही म्हटले जाते. ‘गिटहब कोपायलट’ २०२१ मध्ये आल्यानंतर ‘टॅब’ची एक कळ दाबली की दहा ओळी आपोआप उमटू लागल्या. प्रत्यक्षात त्यामुळे काम बदलले, संपले नाही. लिहिणे कमी झाले, तपासणे वाढले. सुचवलेले फंक्शन मुळात काय करते, ते कुठून बोलावले जाते, त्याचा परिणाम कुठे होतो, हे पाहण्यासाठी ‘एफ १२’ आणि परतीचा बाण पूर्वीपेक्षा अधिक लागतात. न वाचता दाबलेला ‘टॅब’ हा मात्र सर्वांत महागडा शॉर्टकट ठरू शकतो.

शॉर्टकट शिकल्याने कच्चा प्रोग्रॅमर पक्का होत नाही, हे खरे. तर्क चुकला असेल तर तो दुप्पट वेगाने चुकलेला राहील. परंतु ज्याचा तर्क शाबूत आहे, त्याच्या हाताने त्याला अडवू नये एवढी अपेक्षा वाजवी आहे. यवतमाळच्या विद्यार्थ्याला मोठ्या शहरातील महागडे संगणक आणि वेगवान इंटरनेट कदाचित लगेच मिळणार नाही. की-बोर्ड मात्र तिथेही तोच आहे आणि इथेही तोच. त्यावर बोटे बसवण्यास पैसा लागत नाही, सराव लागतो; आणि सरावाचे मोल काय, हे या जिल्ह्यातील जुन्या टंकलेखन संस्थांनी कितीतरी घरांना दाखवून दिले आहे.